गाण्याची उमेदवारी

सुताराचा मुलगा उन्हाळ्याच्या सुटीत बापाच्या हाताखाली रंधा धरू लागला, तर त्याचे कोणास नवल वाटत नाही. किराणा दुकानदाराची मुलगी गल्ल्याशेजारी बसून पुड्या बांधू लागली, तर शेजारीपाजारी कौतुकच करतात. पोर कामाला लागली, असे म्हणतात. परंतु वाशिम जिल्ह्यातील एखाद्या सातवीतल्या मुलाने 'या सुटीत मी गाणे करावयास शिकणार आहे' असे घरी सांगितले, तर काय होईल? आजोबा हसतील. काका 'गाण्याने पोट भरते काय रे?' असे विचारतील. आणि आई, मुलाचा उतरलेला चेहरा पाहून, 'बरे, पण आधी गणिताची उजळणी कर,' असे म्हणून तो विषय मिटवील.

या हसण्याच्या मुळाशी दोन समजुती आहेत, आणि गंमत अशी की त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. गाणे ही दैवी देणगी आहे, ही पहिली समजूत. ज्याला ती लाभली त्याला शिकावे लागत नाही आणि ज्याला लाभली नाही त्याने शिकून उपयोग नाही, असे ही समजूत सांगते. गाणे हा रिकामपणचा नाद आहे, ही दुसरी. तो कामधंदा नसलेल्यांनी करावा. अभ्यासू मुलाने त्याच्या वाऱ्यासही उभे राहू नये. एक समजूत गाण्याला आकाशात नेऊन बसविते, तर दुसरी त्याला पारावर पत्ते कुटणाऱ्यांच्या शेजारी नेऊन टाकते. कामाच्या जागी, चार कारागिरांच्या पंगतीत, त्याला कोणीच बसू देत नाही. खरे पाहता गाणे हे केले जाते. पाट जसा केला जातो, मडके जसे केले जाते, तसेच. आणि जी वस्तू करता येते ती, ज्याला येते त्याच्याजवळ बसून, शिकताही येते.

अशा शिकण्याला मराठीत एक जुना आणि नेमका शब्द आहे: उमेदवारी. आज हा शब्द निवडणुकीच्या दिवसांतच कानी पडतो आणि उमेदवार म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचे हात जोडलेले छायाचित्र उभे राहते. पण पूर्वी छापखान्यात, कचेरीत किंवा पेढीवर काम शिकण्यासाठी येऊन राहणारा पोरसवदा माणूस उमेदवार म्हणविला जाई. त्याला पगार नसे, किंवा असलाच तर नावापुरता असे. त्याच्यापाशी भांडवल एकच असे, आणि ते त्या शब्दातच सांगितले आहे: उमेद. तो झाडलोट करी, निरोप नेई, शाई घोटी आणि हे सर्व करीत असता जाणत्या माणसाचा हात कसा चालतो ते पाहत राही.

शासनालाही या गोष्टीचे महत्त्व पटले आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात इयत्ता सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. या दिवसांत मुलांनी गावातील सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा जाणकारांच्या हाताखाली काम शिकावे, अशी कल्पना आहे. अशी संधी सुटीतही मिळावी, असेही त्या धोरणात म्हटले आहे. सुतार आणि कुंभार यांच्या ओळीत कलावंताला बसविले, ही त्यातील फार चांगली गोष्ट होय. प्रश्न एवढाच की, वाशिमसारख्या जिल्ह्यात त्या कलावंताच्या जागी गाणे करणारा माणूस कोणाला आठवतो काय?

तो आठवावा याला या भूमीत तर विशेष कारण आहे. वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ही राजधानी होती. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा चौथ्या शतकातील राजा स्वतः कवी होता. त्याने 'हरिविजय' नावाचे काव्य प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, रचले. ते काव्य आज संपूर्ण उपलब्ध नाही. नंतरच्या पंडितांनी आपल्या ग्रंथांत उदाहरणादाखल घेतलेले त्यातील श्लोक तेवढे राहिले आहेत.

पुढे राजशेखर नावाच्या पंडिताने सुमारे अकराशे वर्षांपूर्वी 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एक मनोहर कथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष एकदा रुसून घराबाहेर पडला. त्याला आवरण्यासाठी पार्वतीने साहित्यविद्या नावाची कन्या निर्माण केली आणि तिला त्याच्या मागे धाडले. ती त्याच्यामागून देशोदेशी गेली. प्रत्येक देशात तिने निराळा वेष केला, निराळे नृत्य-गीत केले. पण काव्यपुरुषाचे मन काही पुरते वळेना. शेवटी तो विदर्भात आला, तेथे त्याचे मन जिंकले गेले आणि वत्सगुल्म नगरात त्या दोघांचा विवाह झाला. कथा ही कथाच आहे, इतिहास नव्हे. तरी तिच्यातला अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. काव्य स्वैर भटकत होते. विद्येशी त्याची गाठ पडली तेव्हा ते स्थिरावले. आणि ही गाठ पडली ती काशीत नव्हे, उज्जयिनीतही नव्हे, तर जेथे आज मुले बसस्थानकावर उसाचा रस पितात त्या वाशिमात. विदर्भाच्या नावाने ओळखली जाणारी जी 'वैदर्भी' रीती, तिचे लक्षण पंडितांनी असे सांगितले आहे की, तिच्यात लांबलचक समास नसतात. शब्द सोपे, गोड आणि ऐकताक्षणी कळणारे असतात. गाण्याच्या शब्दांचे याहून चांगले वर्णन दुसरे कोणते करावे?

आता दैवी देणगीची समजूत जरा तपासून पाहू. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' महाराष्ट्रातील घराघरांत पोचलेले आहे. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, त्याचे पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत येत गेले. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्या छप्पन्न झाली. पहिल्या गीताचा कागद ऐन वेळी हरवला आणि माडगूळकरांनी ते गीत थोड्याच वेळात पुन्हा लिहून दिले, अशी आख्यायिका सांगतात. ही आख्यायिका सर्वांना ठाऊक असते. देणगीचा पुरावा म्हणून ती मोठ्या हौसेने सांगितली जाते. पण हेच माडगूळकर मॅट्रिकच्या परीक्षेत गणितामुळे अडले होते, पोटासाठी चित्रपटसंस्थेत शिरले होते आणि वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून बसले होते, ही गोष्ट तितक्या हौसेने कोणी सांगत नाही. दुसऱ्याची वाक्ये दिवसेंदिवस उतरवून घेताना कोणता शब्द ठेवला जातो, कोणता खोडला जातो आणि का, हे ज्याने शेजारी बसून पाहिले, त्याचा हात पुढे झरझर चालला, तर त्यात चमत्कार तो कोणता? सुधीर फडके यांनीही कोल्हापुरास वामनराव पाध्ये यांच्यापाशी गायनाचे धडे घेतले होते आणि पुढे अनेक वर्षे हालअपेष्टांत काढली होती. छप्पन्न आठवडे न चुकता नवे गाणे देणे, हे केवळ स्फूर्तीच्या बळावर होत नाही. स्फूर्तीला वेळापत्रक समजत नसते. कामाची सवय असलेल्या हाताला ते समजते.

वसंत देसाई यांची गोष्टही अशीच आहे. संगीताच्या ओढीने हा तरुण कोल्हापुरास प्रभात फिल्म कंपनीत शिरला. ही कंपनी १९२९ साली स्थापन झाली होती. तेथे तो पडेल ते काम करी. कधी लहानसहान भूमिका करी, कधी गाई, कधी वादकांत बसे. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट प्रभातने काढला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. अशा जाणत्या माणसांच्या सहवासात देसाई घडले आणि १९४३च्या 'शकुंतला'पासून ते १९५७च्या 'दो आँखें बारह हाथ'पर्यंत त्यांच्या चाली देशभर गाजल्या. उमेदवारीचे एवढे उत्तम उदाहरण समोर असता गाणे शिकता येत नाही, असे म्हणणाऱ्यास काय म्हणावे?

पण उमेदवार गाण्याच्या कारखान्यात जाऊन शिकतो तरी काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की, एकाने शब्द लिहिले, दुसऱ्याने चाल लावली, तिसऱ्याने गाइले आणि यंत्राने ते टिपून घेतले. प्रत्यक्षात शब्द आणि सूर यांची सारखी ओढाताण चालू असते.

समजा, एखाद्या मुलीने वळवाच्या पावसावर गाणे लिहिले आणि ओळीच्या शेवटी 'पाऊस' हा शब्द योजला. कागदावर तो शोभून दिसतो. पण चाल लावणाऱ्याने ओळीचा शेवटचा सूर लांब धरावयाचा ठरविला, तर गायिकेची पंचाईत होते. 'पाऊस'च्या शेवटी जो 'स' आहे तो लांबविता येत नाही. लांबविला तर सापाचा फूत्कार तेवढा ऐकू येतो. तेथे 'धारा' असा शब्द घातला की तोंड मोकळे उघडते आणि सूर हवा तेवढा टिकतो, कारण शेवटी 'आ' आहे. स्वर आणि व्यंजन यांतील भेद व्याकरणाच्या तासाला पाठ केला जातो. त्याचा उपयोग काय, हे येथे कळते. तीच गोष्ट लघु-गुरूंची. 'नदी' या शब्दात 'न' लघु आहे आणि 'दी' गुरू. चाल जर 'न'वर रेंगाळली आणि 'दी' झटकून पुढे गेली, तर ऐकणाऱ्याच्या कानी 'नादि' असे काहीतरी पडते आणि नदी बिचारी वाहून जाते. म्हणून भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत शब्द बसविताना अक्षरे मोजून भागत नाही. कोणते अक्षर कोणत्या ठोक्यावर येते, तेही पाहावे लागते. वृत्ते पाठ करण्याचा कंटाळा असलेल्या मुलाला मृदंग वाजविणाऱ्याच्या शेजारी आठ दिवस बसवावे. त्याला मात्रा बोटांनी समजू लागतात.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तर व्याकरण पुन्हा भेटते. प, फ, ब, भ हे ओष्ठ्य वर्ण होत, हे पुस्तकात वाचलेले असते. ते उच्चारताना ओठ मिटून एकदम उघडतात आणि श्वासाचा झोत बाहेर पडतो. बोलताना तो कोणास जाणवत नाही. पण मायक्रोफोनवर तो आदळला की नगाऱ्यावर टिपरी पडावी तसा धप्प आवाज उमटतो. म्हणून गायक आणि मायक्रोफोन यांच्यामध्ये बारीक जाळी लावतात. खोलीच्या भिंतींवर जाड कापड, कापूस किंवा तसलेच मऊ आवरण असते, कारण उघड्या भिंतीवरून आवाज परत फिरतो आणि मूळ आवाजात मिसळून तो गढूळ करतो. शिवाय खोली बंद, दार बंद आणि ध्वनिमुद्रण चालू असताना पंखाही बंद. वैशाखातल्या बेचाळीस अंशांच्या उन्हात वाशिमकडे हे काम म्हणजे काय तपश्चर्या असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. केवळ हौस असलेला मनुष्य अशा खोलीत दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि ही त्या खोलीची एक प्रकारची प्रवेशपरीक्षाच होय.

पूर्वी सर्व वादक आणि गायक एकत्र बसून, एकदम, अखंड गाणे वाजवीत. एकाची चूक झाली की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. आता ढोलकी निराळी, बासरी निराळी, गळा निराळा असे मुद्रित करून ते संगणकात एकावर एक ठेवतात आणि कोणाचा आवाज किती मोठा असावा ते मागाहून ठरवितात. सीडीवर साठविलेल्या गाण्यात एका सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापे घेतलेली असतात. यंत्र मोजण्यात कसूर करीत नाही. पण ढोलकी शब्दांवर चढून बसली आहे, हे कान सांगतो. तो कान तयार करणे हेच उमेदवाराचे पहिले काम. त्याच्याकडे सुरुवातीस कोणी गाणे मागत नाही. तारा गुंडाळून ठेवणे, कितव्या वेळचे गायन चांगले झाले त्याची वहीत नोंद करणे, पाणी आणून देणे, आणि तेच कडवे वीस वेळा, चाळीस वेळा ऐकणे, एवढेच त्याच्या वाट्यास येते. पंचविसाव्या वेळी त्याला जे ऐकू येते ते पहिल्या वेळी आले नव्हते, हे त्याच्या ध्यानी आले म्हणजे त्याची सुटी सार्थकी लागली असे समजावे.

गाण्याचे रूप कारागिरीच्या साधनांनी कसे घडते, याचे एक उदाहरण मोठे बोधप्रद आहे. भारतात तबकडीवर गाणी मुद्रित करण्यास १९०२ साली कलकत्त्यास आरंभ झाला. दहा इंचांच्या त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तासन् तास चालणारी बैठकीची गाणी तेवढ्या वेळात बसवावी लागली. आणि पुढे तबकड्या गेल्या तरी तीन-चार मिनिटांचे गाणे ही सवय मागे राहिली. आकाशवाणीला तबकडीचे बंधन नव्हते, म्हणून गीतरामायणात आठ-दहा कडव्यांची गीतेही सुखाने नांदली.

कोणी म्हणेल, हे सर्व पुण्या-मुंबईस ठीक. वाशिमच्या मुलाने कोणाकडे जावे? या प्रश्नात जिल्ह्याविषयीचे अज्ञान आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तेथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याच्या इमारतीला नंगाऱ्याचा, म्हणजे नगाऱ्याचा, आकार दिलेला आहे. वाद्याच्या आकाराची इमारत बांधावी, एवढे ज्या समाजाला वाद्याचे प्रेम आहे, त्याच्या तांड्यांवर गाणे शिकविणारा कोणी नसेल, हे संभवत नाही. होळीला तांड्यावर लेंगी गातात. लग्नात नवरी ढावलो गाऊन माहेरचा निरोप घेते. ही गाणी गोरबोलीत आहेत. या बोलीला स्वतःची लिपी नसल्यामुळे ती शतकानुशतके मुखानेच चालत आली. विदर्भातल्या मुली भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणतात. गावोगावी भजनी मंडळे आहेत. खंजिरी हातात घेऊन भजने रचणारे आणि गाणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. भीमजयंतीला जी गीते दुमदुमतात, त्यांची परंपरा पुढे नेणाऱ्या वामनदादा कर्डकांनी तरुणपणी अक्षरे गिरविली आणि पुढे हजारो गाणी रचली. या सर्व शाळाच आहेत. त्यांना फलक नाहीत, एवढेच.

शहरातल्या उमेदवाराला जे मिळत नाही ते तांड्यावरच्या मुलाला अंगणात मिळते. पण ते टिपून ठेवण्याची निकड त्यालाच अधिक आहे. खानदेशात बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या गात. सोपानदेवांसारखा मुलगा होता म्हणून त्यातले काही कागदावर उतरले. बहिणाबाई डिसेंबर १९५१मध्ये वारल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती गाणी पुस्तकरूपाने निघाली. वही जवळ नसती, तर महाराष्ट्राला या कवयित्रीचे नावही ठाऊक झाले नसते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जाती थांबली, पण त्या ओव्या राहिल्या. आज बहुतेक घरांत ध्वनिमुद्रण करू शकणारा दूरध्वनी असतो आणि त्यावर दिवसभर दुसऱ्यांची गाणी वाजत असतात. त्याच्यापुढे आजीला एकदाही बसविलेले नसते.

तिला बसवावे, पण विचारून बसवावे. गाणे कोणाचे, कोणाकडून आले, कोणत्या सणाला म्हणतात, हे वहीत लिहावे आणि गाणारीचे नाव पहिल्या ओळीत असावे. हा शिष्टाचाराचा भाग खरा. पण याच्या मागे न्यायाची मोठी गोष्टही आहे. एखाद्याने शब्द रचावे आणि दुसऱ्याने ते आपल्या नावावर खपवावे, असे गाण्याच्या व्यवहारात फार झाले आहे. नवीन रचना करणाऱ्यास १९५७चा प्रताधिकार कायदा संरक्षण देतो. कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे त्याचा हक्क टिकतो. २०१२ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा त्यांच्यापासून कोणास लिहून घेता येणार नाही, असे ठरले. हे ठरविण्यास पंचावन्न वर्षे लागावी, याचे वाईट वाटते. गाणे करणाऱ्याचे कामगारपण समाजाच्या किती उशिरा ध्यानी येते, हेच यावरून दिसते.

उमेदवारीतही अन्याय होऊ शकतो, आणि तो झाकून ठेवणे योग्य नव्हे. 'शिकवितो' असे सांगून मुलास नुसते राबवावयाचे आणि सुटी संपली की हात हलवीत घरी पाठवावयाचे, असा प्रकार कोणत्याही धंद्यात घडतो. गाण्याचा धंदा त्यास अपवाद नाही. काही ठरावीक अपवाद सोडता, चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे कायद्याने निषिद्ध आहे. तेव्हा या वयातील उमेदवारी म्हणजे चाकरी नव्हे, हे पालकांनी आणि शिकविणाऱ्याने आधीच समजून घ्यावे. तारा गुंडाळण्यास हरकत नाही. पण तार कशासाठी आहे, हे विचारले असता उत्तर मिळाले पाहिजे. मुलाने लिहिलेले कडवे खोडण्यास हरकत नाही. पण का खोडले, हे सांगितले पाहिजे. जो गुरू कारण सांगत नाही त्याच्याकडे मुलास दुसऱ्या दिवशी पाठवू नये.

कारण सांगून खोडण्याची मोठी परंपरा विदर्भात होऊन गेली आहे. अमरावतीचे कवी सुरेश भट यांनी मराठी गझल लोकप्रिय केली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी आणखीही एक काम केले. गझल लिहू पाहणाऱ्या नवख्यांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. तिच्यात गझलेचे नियम सोप्या भाषेत समजावून दिले आहेत. तरुणांच्या रचना ते तपासून देत, पत्रांतून दोष दाखवीत. उर्दू कवींमध्ये उस्तादाने शिष्याची रचना दुरुस्त करण्याची रीत आहे. तिला इस्लाह म्हणतात. भटांनी ती रीत मराठीत टपालाने चालविली. एवढ्या मोठ्या कवीला नवख्यांच्या चुका तपासण्यास वेळ सापडत होता, हे आजच्या व्यग्र मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता एक नवाच आक्षेप निघाला आहे. संगणकाला चार शब्द सांगितले की तो क्षणात चालीसकट, गळ्यासकट गाणे पुढे ठेवतो. मग वैशाखात पंखा बंद करून घामाघूम व्हावयाचे कशाला? यंत्र गाणे देते, हे खरे आहे. कधीकधी ते बरेही असते. परंतु आईच्या हातची भाकरी आयती मिळते म्हणून मुलाला भाकरी थापता येत नाही. यंत्राने दिलेल्या ओळीत 'नदी'ची 'नादि' झाली आहे की नाही, हे ओळखावयास तरी तयार कान हवाच. ज्याने स्वतः एक कडवे दहा वेळा मोडून बांधले आहे, त्याला यंत्र हे हत्यार म्हणून वापरता येईल; ज्याने काहीच बांधले नाही, त्याला यंत्र देईल तेच गोड मानून घ्यावे लागेल. शिवाय तांड्यावरच्या म्हातारीने ढावलो कोणत्या आवाजात म्हटला, तो सूर मध्येच का थरथरला, हे तिच्याजवळ जाऊन बसल्याखेरीज कळणार कसे?

राहता राहिला काकांचा प्रश्न: गाण्याने पोट भरते काय? याचे प्रामाणिक उत्तर असे की, थोड्यांचे भरते आणि पुष्कळांचे भरत नाही. मुलांना याहून निराळे सांगणे ही फसवणूक होईल. परंतु हा प्रश्न फक्त गाण्यालाच का विचारावा? सुटीत चित्रे काढणाऱ्या किंवा पोहावयास जाणाऱ्या मुलाला तो कोणी विचारीत नाही. आणि गाण्याच्या कामात गाणारा एकटा नसतो. शब्द जुळविणारा, वाद्ये दुरुस्त करणारा, ध्वनिमुद्रण करणारा, जुनी गाणी जतन करणारा अशी कितीतरी माणसे त्यात लागतात. सातवीतला मुलगा यांपैकी कोण होईल, किंवा यांपैकी कोणीच न होता चांगला शेतकरी वा डॉक्टर होईल, हे बाराव्या वर्षी ठरविण्याची घाई काकांनीही करू नये. पंधरा दिवस त्याने एका जाणत्या माणसाजवळ बसावे, एवढीच त्याची मागणी आहे.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या थोड्या मागाहून, जूनच्या उत्तरार्धात, उघडतात. म्हणजे येथील मुलांच्या पदरात सुटीचे आठ-दहा दिवस अधिकच पडतात. दप्तराविना दिवसांसाठी गावातील जाणकारांची नावे शाळेला हवी असतात. तेव्हा सुताराचे, माळ्याचे, कुंभाराचे नाव मुले आपण होऊन सांगतात. भजनी मंडळात मृदंग वाजविणाऱ्याचे आणि होळीला लेंगी उचलून धरणाऱ्या तांड्यावरच्या गायकाचे नावही त्यांनी सांगावे. ही माणसे दिवसा बहुधा शेतात असतात. त्यांना संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, गाठावे लागते.